शत्रू-एक

बर्फ खरा होता.
मालवणच्या कारखान्यातून टेम्पोने अकरा लाद्या आल्या,
देवबागच्या शाळेमागे गोणपाटाखाली फोडल्या,
तेव्हा हिमालयाला बांगड्याचा वास येत होता.
वल्ह्यांच्या बंदुका. फाटक्या जाळ्याची काटेरी तार.
जनरेटर सुरूच्या बनात खोकत.

नाटक मी लिहिलेलं. शाळामास्तर.
डोंगर पाहिलेला नकाशात, तपकिरी.

पुंडलिक कुबल सतरा वर्षं पलटणीत होता,
आता रापणीला जातो.
म्हटलं, सुभेदार तू कर, शेवटचं भाषण तुलाच शोभेल.
त्यानं वही चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं.
'ह्यो कोण?'
शत्रू-एक. गोळी लागते, 'पाणी' म्हणतो, मरतो.
'ह्यो मी करतंय.'
मग जरा थांबून, 'तेचा नाव काय?'
म्हटलं, नाव कशाला, बारा मिनिटं पडून तर राहायचंय.
'मास्तर, दशावतारात राक्षसाकव नाव आसता.'

तालमीत एवढंच बोलला:
'गोळी लागल्यार हात असो वर जाय नाय.
आणि मागसून कोण भाषण करी नाय.
बूट काढून घेतत. आमचे फाटलेले.
तेचे माका बरोब्बर इले.'
सगळे हसले. मीसुद्धा, थोडा.

प्रयोगाला तो अनवाणीच बर्फात शिरला.

गुणाजी तांडेल सुभेदार. देश, माती, रक्त,
माझेच शब्द खाऱ्या वाऱ्यावर;
बायका पदर डोळ्यांना लावत होत्या
आणि विंगेत, टॉर्च धरून, माझी छाती फुगत होती.
विसरलेला शब्द पुरवणं, हे माझं काम.

कुबल पडलेला. लोकांकडे पाठ, तोंड माझ्याकडे.
डोळे उघडे.
(वहीत लिहिलं होतं: डोळे मिटलेले.)
ओठ हलले.
मी घाईनं पान उलटलं. 'पाणी' तर कधीच होऊन गेलं होतं.
ते पाणी नव्हतं.
नाव होतं कुणाचं तरी, तीन अक्षरी बहुधा,
पुन्हा, आणि पुन्हा,
टाळ्यांखाली गेलेलं.
मी सगळी वही शोधली.

पडदा पडला. मेलेले उठले, एकमेकांची दाढी ओढू लागले.
तो तसाच. बर्फाचं पाणी त्याच्या अंगाखालून
ओघळ धरून पटांगणाच्या वाळूत जिरत होतं.
'ऊठ रे, संपला,' गुणाजी म्हणाला.
शेवटी चौघांनी उचलला.
पाठीला लागलेला माझा हात मी चटकन मागे घेतला.

सकाळी वल्ही होड्यांवर परत गेली.
विंगेत बुटांचा जोड उरला, आत वाळू.
घेऊन किनाऱ्यावर गेलो.
रापण अर्धी आली होती, दोर त्याच्या खांद्यावर ताणलेला.
म्हटलं, तुझे बूट.
मान न वळवता म्हणाला,
'माझे नाय ते.'

ओढणाऱ्यांत एक माणूस कमी होता.
मी बूट वाळूत ठेवले, भरतीपासून लांब,
आणि दोराला हात लावला.