हजेरी

कार्ड गुलाबी होतं.
त्यावर माझं नाव, दोरखंडाच्या कारखान्याचं नाव,
आणि तळाशी बारीक अक्षरांत:
गैरहजर राहिल्यास कारण कळवावे.
कारण कळवणाऱ्या ओर्लान्दाला सोमवारी
फाटकातूनच परत लावलं होतं.

तीन वाजता भोंगा झाला, मग चर्चची घंटा.
पो नदीला पूर आला की हीच वाजायची.
सवयीनं माझे पाय बांधाकडे वळले;
मुकादमानं खांदा धरून
चौकाच्या दिशेला लावले.

चौक आमचा लहानच. तरी भरेना.
फोटोवाल्यानं आम्हाला पुढे पुढे दाबलं,
मागची मोकळी फरशी चौकटीबाहेर टाकली.
शिडीवर एक पोरगा कर्ण्याच्या तारा पिळत होता.
मग पार रोमहून
कुणीतरी घसा खाकरल्याचा आवाज आला
आणि माणसांनी टोप्या काढल्या.
कर्ण्यापुढे.

मला लघवीला लागली होती. हे कुणी लिहून ठेवत नाही.
दोन तास उभं, आणि दुकानांची दारं हुकमानं बंद.
शब्द निम्मे खरखरीत जात होते,
पण तो थांबला की कळायचं:
ही जागा आपली.

पहिल्या वेळी मी नुसते ओठ हलवले.
दुसऱ्या वेळी मुकादम वहीतून मान वर करून बघत होता.
तिसऱ्या वेळी,
तुझ्याशी खोटं कशाला बोलू, गिसेल्दा,
तिसऱ्या वेळी मी ओरडले
आणि बरं वाटलं.
बारा वर्षं तागाची धूळ खाऊन बसलेला घसा
एका दमात मोकळा.
लघवी, भाडं, ओर्लान्दा, सगळं विसरले.
एवढं मोठं ‘हो’ उठलं
की त्यातलं माझं कुठलं, मलाच सापडेना.
आवाज कुणाचा होता तो?

घरी नेल्लोनं विचारलं,
आई, पण त्यानं विचारलं काय होतं?
मी सूप ढवळत राहिले.

शुक्रवारी पेपरात फोटो.
शेजारणीचं भिंग आणून स्वतःला शोधलं.
रुमालाची गाठ माझ्यासारखी होती.
खाली एक उघडं तोंड,
ते कुणाचंही असू शकेल.

मार्चमध्ये दुसरं कार्ड आलं, पांढरं.
त्यावर नेल्लोचं नाव, आणि आफ्रिकेतल्या एका टेकडीचं,
जे पोस्टमनलाही उच्चारता येईना.
मी तळ पाहिला, उलटून पाठ पाहिली.
कारण कळवलेलं नव्हतं.

दोन्ही एकाच डब्यात आहेत, बटणांच्या.
गुलाबीवरचा शिक्का अजून निळा आहे,
बोट लावलं तर उमटेल असा.