करिता

नव्या नियमाची झेरॉक्स शिपाई गुंजाळांनी आणली,
चार घड्या, एका कोपऱ्याला चहा.
म्हणाले, बघा बाई, तुमचं नाव आलं सरकारात.
नाव नव्हतंच. 'वैद्यक सहायक' होतं,
कलम सात, पोटकलम दोन,
आणि पुढे यादी: मला आता काय काय चालेल.

वाचली. हसू आलं.
टाके घालणे, चालेल म्हणे.
परवा त्या पतंगवाल्या पोराला घातलेले पाच टाके
नियमाच्या आधीचे की नंतरचे
ते त्याच्या भुवईला विचारा.

रक्तदाबाची गोळी वाढवणे, कमी करणे.
छातीचा फोटो सांगणे.
अकरा वर्षं मी हे सगळं केलंय
चित्ता कॅम्पातल्या या एका खोलीत,
जिथे खाडीचा वास औषधांच्या वासाला पुरून उरतो,
आणि दर कागदाच्या तळाशी लिहिलाय एक शब्द:
करिता.
डॉ. पारसनीस करिता.
खाली माझी सही,
कुणाला लागू नये इतपत बारीक.

पारसनीस वाईट नाहीत.
तीन दवाखाने गळ्यात.
मुलुंडहून निघायचे, मानखुर्दच्या पुलाखाली अडकायचे,
फोनवर म्हणायचे, तू बघ गं, मी आहे ना.
याला कायद्यात 'देखरेख' म्हणतात.

त्यांच्या संघटनेनं नियमाविरुद्ध काळ्या फिती लावल्या.
यांनीही लावली, एक दिवस,
माझ्याच ड्रॉवरमधली सेफ्टीपिन मागून.
एका हातानं जमेना, मीच टोचून दिली.
तुझ्याविरुद्ध नाही हं हेमांगी, म्हणाले.
म्हटलं, माहितीय सर, दंड सैल सोडा.

सोमवारी शिक्का आला.
हेमांगी जनार्दन तांडेल, खाली नोंदणी क्रमांक.
मंगळवारी दुपारी आली अन्नलक्ष्मी,
इडल्या विकणारी, बावन्न वर्षांची, पदरानं वारा घेत.
जळजळतंय, ती गुलाबी गोळी दे, जाते,
पीठ आंबायला ठेवलंय.
घाम? गरम होतंय म्हणून.
आणखी कुठे दुखतं?
कुठे नाही. हा जबडा जरा. पान खाल्लं असेल.

पेन उचललं
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा हात थांबला.
याआधी अशा किती जणींना मी
डोळ्याचं पातं लवायच्या आत शताब्दीला पाठवलं होतं,
चुकलं असतं तर ती चूक
त्या एका शब्दावर चढून
मुलुंडपर्यंत गेली असती.
आता ती इथेच बसणार होती,
या टेबलावर, स्टेपलरशेजारी.

यादीत हे नव्हतं.
कलम सातात नाही, पोटकलमात नाही.

अ‍ॅस्पिरिन चावायला लावली.
लिहिलं: तातडीने, इसीजी, हृदयविकाराची शंका.
अन्नलक्ष्मी म्हणाली, अय्यो, पिठाचं काय?
पिठाचं गुंजाळ बघतील, म्हटलं.
गुंजाळांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिक्षा बघायला धावले.
शिक्का घाईत उलटा पडला,
नाव पायांवर नाही, डोक्यावर उभं.
तसाच राहू दिला.
सही मात्र पूर्ण केली,
शेवटच्या 'ल'चा फाटा कागदाबाहेर गेला.

संध्याकाळी सातपर्यंत शताब्दीतून कुणी फोन उचलेना.
टेबल पुसलं. पुन्हा पुसलं.
शेवटी पारसनीसांना लावला.
सर, बरोबर केलं का मी?
आता मला कशाला विचारतेस, म्हणाले,
आता तर तुझीच सही.
मागे कुकरची शिट्टी, कुणाचा तरी टीव्ही.
मला वाटलं ठेवला.
मग जरा हळू आवाजात:
जबडा दुखतोय म्हणालीस ना?
कुठल्या बाजूचा?

डावा, मी म्हटलं.
आणि खुर्ची ओढून बसले.