भिंगाखाली

घड्याळं दुरुस्त करतो मी, म्हापशाच्या बाजारात,
म्हणून वेष्टनांवरची अक्षरं मला वाचता येतात.
बाकीच्यांनी काय करायचं, देव जाणे.

आगुस्तीनच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून उभा आहे.
ओट्स, मध, बदाम. इथवर ठीक.
मग चोरपावलांनी आलेली व्हे पावडर.
दुसऱ्या बारमध्ये केसीन. नाव असं,
की एखादा जुना पोर्तुगीज अंमलदार वाटावा;
आहे दूधच.
तिसऱ्यावर हिरवा ठिपका.
"शाकाहारी आहे, पात्रांव," आगुस्तीन म्हणतो.
हिरव्या ठिपक्याला दूध चालतं.
उर्वाला चालत नाही.

चौथा निर्दोष. उलटा केला, तर चिकटपट्टीखाली
मुंगीएवढी ओळ:
याच कारखान्यात दुधाचे पदार्थही हाताळले जातात.

उद्या शाळेची सहल. कुळ्याहून पुढे, दूधसागर.
रात्री तिने विचारलं,
"त्यात पाय घातला तर पुरळ येईल?"
मी हसलो. ती हसत नव्हती.
आठ वर्षांची आहे; वाढदिवसाच्या केकपासून
किती पावलं लांब उभं राहायचं, तिला पाठ आहे.
एकदा इस्पितळात तिचा श्वास मोजला होता मी
सेकंदकाट्यावर.
तेव्हापासून गिऱ्हाइकांचे सेकंदकाटेही
जरा जपून बसवतो.

शेवटी पिएदादच्या टोपलीपाशी.
पिनागाचे मुटके, काळपट,
अंगावर बोटांचे ठसे.
"दूद खंयचें रे? गोड, नाल्ल, उकडे तांदूळ."
तूप?
"तूप परवडता?"
वेष्टन नाही, ठिपका नाही, भिंगाला काम नाही.
तिच्या तोंडाकडेच पाहत राहिलो.
आणि कढई?
आता चिडली. पाटी झाकायला निघाली.
मग हात थांबला.
कढई वेगळीच ठेवते, म्हणाली,
घरात एका नातवाला अंडं सोसत नाही.

सहा घेतले.

घरी कागदात गुंडाळले, वर लिहिलं:
तांदूळ, गूळ, नारळ. दूध नाही.
अक्षर मोठं काढलं,
बाईंना चष्म्याशिवाय दिसेल असं.
पेन ठेवलं. ओट्यावर माझ्या चहाचं पातेलं,
काठाला साय सुकलेली.
पेन पुन्हा उचललं, खाली जोडलं:
याच घरात दूधही तापतं.

मग हात धुतले. परत धुतले,
आणि नवा कागद घेतला.