नोंद नसलेला शनिवार

दौरा नव्हता हा. तसं इंगवलेसाहेबांनी
आदल्या दिवशीच सांगून ठेवलं :
गाडी मागायची नाही, डायरीत लिहायचं नाही,
आपापल्या पेट्रोलवर यायचं, नुसतं बघून यायचं.
मगदुमांनी भडंगाची पिशवी हँडलला अडकवली,
शमा मुजावर माझ्या मागे बसली,
बिरू कोळेकर सायकलवरनं आमच्या आधी पोचलेला,
खांद्यावर ती गळती ऐकायची सळई.
सुटी आहे रे आज, मगदूम म्हणाले.
असू दे, बिरू म्हणाला.

कोल्हापूर रोड सोडून आत वळलं
की पाटी लागते : नंदनवननगर.
सातबाऱ्याला अजून बेडकीचा मळाच आहे.
हे सगळं मी काढलंय.
अकरा वर्षांपूर्वी, पॉइंट तीनच्या पेननं,
नऊ मीटरचा रस्ता, बारा मीटरचा रस्ता,
गटार तुटक, खुली जागा हिरवी,
पूररेषा निळी.
इथं कधी आले नव्हते.
मोजणीवाले आकडे आणतात, आकडे पुरतात.

खुल्या जागेवर कुणाची तरी हळद वाळतेय.
रस्ता थोडा खडीचा, थोडा फुटक्या फरशांचा,
मधे काहीच नाही, काळी माती.
साहेबांचा डावा बूट तिनं ठेवून घेतला.
एका पायावर उभे राहून ते म्हणाले,
प्रगती आहे. मागच्या खेपेला दोन्ही गेले होते.
आम्ही हसलो. ऑफिसात एवढं हसत नाही.

पुढं ते वळण.
सरळ जाणारा रस्ता एकाएकी अंग चोरतो,
चार पावलं तसाच जातो नि पुन्हा सरळ.
इथं काय होतं गं? शमानं विचारलं.
विहीर. मी तिला वळसा घातला होता,
रुपयाचं नाणं ठेवून.
विहीर बुजवलीय, वर पिठाची गिरणी,
वळण तेवढं उरलं.
रिक्षावाले त्याला बाईचं वळण म्हणतात,
का ते गिरणीवाल्याला ठाऊक नाही.
मी काही बोलले नाही.

बिरू मघाशी हसला नव्हता.
माघात चिखल कुठनं, म्हणाला,
नि बूट गेला तिथं मागं जाऊन
सळईचं एक टोक मातीत, दुसरं कानाला,
उकिडवा बसला डोळे मिटून.
आम्ही भडंग चावायचं थांबवलं.
हाय, म्हणाला. दोन जॉइंटच्या मधी.
रात्रभर गळत असंल.

समोरच्या घरातनं निलव्वा उतरल्या.
कोण तुमी?
सहज आलोय, साहेब म्हणाले, एका बुटात.
सहज कोण येत न्हाई हिकडं.
तरी तांब्या-भांडं आणलं.
नळाचंच हाय, पहाटं तीनला येतंय, करंगळीएवढं.
कुणी कुणाकडे बघितलं नाही.
साहेबांनी पाणी संपवलं,
भांडं बराच वेळ हातातच.

मी पायऱ्या मोजत होते. सात.
जोतं एवढं उंच कशाला हो?
सव्वीपतोर येतंय की, त्या म्हणाल्या,
दूधवाल्याबद्दल सांगावं तसं.
माझी निळी रेघ त्यांच्या न्हाणीवरनं जाते.
नकाशा वरनं बघायचा असतो. वरनं
सात पायऱ्या म्हणजे सात बारीक रेघा,
त्याही मी काढल्या नव्हत्या.

सोमवारी डायरीत शनिवार कोरा.
बिरूनं रविवारीच दोन माणसं नेली होती,
कुठल्या आदेशानं, कुणी विचारलं नाही.
साहेबांच्या पायात नवे बूट.
दुपारी झाडायला आलेली पारूबाई
शमाच्या, मगदुमांच्या, माझ्या टेबलाखालनं
काळ्या मातीच्या खपल्या ओढत म्हणाली,
सगळी एकाच रानात गेलता व्हय?