अवघड गिऱ्हाईक

यास्ना म्हणाली, आज तुम्ही गिऱ्हाईक व्हा, दॉन एलेउतेरिओ,
आणि लगेच पटू नका.
मी म्हटलं, पोरी, बत्तीस वर्षं पुन्ता अरेनासात बस हाकली,
सुट्ट्या पैशांवरून रोज भांडलो,
लगेच पटणं मला जमायचंच नाही.

मग ती बाहेर गेली. दार वाजवलं.
वाऱ्याबरोबर आत आली, पाय पुसले, हसली.
ते हसू तिचं नव्हतं,
कुणाकडून तरी उसनं आणलेलं,
तोंडाला जरा सैल होत होतं.

गुरुवारी साडेनऊला मुलाखत.
दुहेरी काचेच्या खिडक्या, दारोदार,
पगार थोडा, बाकी कमिशन.
एकोणीस वर्षं खेकडे सोलले तिनं;
मार्चमध्ये कारखान्याला कुलूप लागलं.
बोटांवर अजून बारीक पांढऱ्या रेघा आहेत,
त्या झाकायला ती वही घट्ट धरते.

वहीत आक्षेप लिहिलेत, नंबर घालून.
एक, महाग आहे.
दोन, घरच्यांना विचारून सांगते.
तीन, पुढच्या हिवाळ्यात बघू.
असे सहा. प्रत्येकाखाली लाल शाईत उत्तर,
दामिरनं, तिच्या मुलानं, शुद्धलेखन तपासलेलं.

मी म्हटलं, महाग आहे.
ती म्हणाली, गॅसचं बिल बघू तुमचं?
कानामागची पेन्सिल काढून
बिलाच्या पाठीवरच भागाकार केला:
अकरा हिवाळ्यांत पैसे वसूल.
मी एकाहत्तरचा, बाई,
अकरा हिवाळे माझ्याकडे आहेत कशावरून?
ती अडली. मग म्हणाली,
जितके आहेत तितके उबेत काढा.
शाब्बास, म्हटलं मनात. तोंडानं नुसतं हूं.

बोलणाऱ्याची बोरं खपतात,
न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.
ही लहानपणी आमच्या कुंपणातली कालाफाते खाऊन जायची,
जीभ जांभळी, आणि विचारलं तर
गव्हाच्या पोत्यासारखी गप्प.

झोपायच्या खोलीत तिनं चौकटीवर बोट फिरवलं.
ही फट बघा, इथून तुमचा पैसा बाहेर जातो.
ती बुजवायची नाही, मी म्हणालो.
का?
हे काही आम्ही ठरवलेलं नव्हतं.
म्हटलं, रोसाल्बाला जाऊन चार वर्षं झाली.
रात्री दोनच्या सुमाराला वारा इथून येतो
तो शिट्टी घालत नाही, कुरकुरतो.
तिचीच कुरकुर, शब्द तेवढे नाहीत.
जन्मभर म्हणत आलो, जरा गप्प बस.
आता काच लावून गप्प बसवू?

यास्नानं वही चाळली.
पुढचं पान. मागचं पान.
उसनं हसू कुठेतरी गळून पडलं होतं.
तिनं पेन्सिलीनं लिहिलं, सात,
आणि खालची जागा तशीच सोडली.
मग उठून किटली ठेवली, जणू घर तिचंच.

अर्धा कप झाल्यावर म्हणाली,
मग बैठकीच्या खोलीची तेवढी करा.
ही राहू दे.

मी सहीसाठी पेन शोधायला लागलो.
खिसा पाहिला, फडताळ पाहिलं,
चष्माही डोळ्यांवर चढवला,
आणि मग आठवलं
की हे सगळं खोटं खोटं चाललंय.
ती हसली. हे तिचं होतं, पुढचा दात तुटलेलं.

आज गुरुवार.
कोपऱ्यावर, वाऱ्यात धरायला दोर बांधलाय तिथे,
ती एका हातानं दोर धरून चाललीय.
दुसऱ्या हातात काचेचा नमुना, पोटाशी, बाळासारखा.
कोट नवा; किमतीची चिठ्ठी बाहीत दुमडलेली,
नोकरी नाही लागली तर परत करायचाय.
ओठ हलतायत. कुठल्या नंबरावर आहे, इथून कळत नाही.

फटीतून कुरकुर आली.
बघ, पोरीच्या केसांचं काय झालं.
मी म्हटलं, बघतोय.