सोमवार, साडेपाच

उद्यमनगरची सुट्टी सोमवारी.
लाइट सकाळीच गेलेली, शटरं अर्धी खाली,
फाउंड्रीच्या वाळूवर कुत्री निवांत.
तरी बाबालाल मिस्त्री यायचे.
सायकलला पिशवी, पिशवीत तीन सेल,
संपत आलेले, दुपारभर कौलांवर
उन्हाला ठेवून जिवंत केलेले.

बाकी सहा दिवस लेथ फिरायची
आणि रेडिओत माश्या भरायच्या.
एरियलची तार पत्र्याच्या कैचीला बांधून बघितली,
पाण्याच्या पायपाला बांधून बघितली.
मोटर चालू तोवर सांगली लागायची नाही,
लागली तरी बाई बोलतेय का गातेय
कळायचं नाही.

मी हेल्पर. सोळाचा.
लोखंडाचा कीस पोत्यात भरणं, कूलंट ओतणं,
मालक वळणावर दिसले की शिट्टी मारणं.
सोमवारी मालक उसाकडं. शिट्टीला रजा.

साडेपाचला शास्त्रीय संगीत.
मिस्त्री लेथच्या बेडवर फडकं टाकून बसायचे,
एक हात चकवर,
झोपलेल्या म्हशीवर ठेवावा तसा.
उजव्या करंगळीला अर्धं पेर नव्हतं.
त्याच हातावर मात्रा मोजायचे,
मला वाटायचं एक कमी भरणार,
पण समेला मान बरोबर पडायची.

निवेदिका रागाचं नाव इतकं हळू घ्यायची
की दोन वर्षं मला ते 'मारवाडी' ऐकू आलं.
गंगावेशीतला कापडवाला डोळ्यांपुढं यायचा,
गज हातात, गादीवर.
एकदा तसं बोलून गेलो.
मिस्त्री हसले नाहीत.
"नाव सोड. सा कुठं हाय ते बघ."

बघत राहिलो.
तंबोरा सा धरून बसलेला,
आणि गाणारी बाई त्याच्या अंगणापर्यंत येऊन
उंबऱ्याला पाय न लावता माघारी.
पुन्हा येई. पुन्हा माघारी.
मला राग आला. जा की बाई आत.

"दोन थाऊ राखून चाललीय," मिस्त्री म्हणाले.
"फिनिशिंग कट शेवटाला.
आधी मारलास तर जॉब गेला."

दुसऱ्या दिवशी पंपाच्या शाफ्टवर
मी पहिल्यांदा दोन थाऊ राखले.
कुणाला सांगितलं नाही.

पुढं शेड विकली. त्या जागी आता
काचेच्या दाराआड मशीन आहे,
स्वतःच मोजतं, स्वतःच थांबतं.
मी त्याच्यावर असतो. पगार बरा आहे.

मिस्त्रींचे कान थोडेथोडे गेले.
आधी कुकरची शिट्टी,
मग नातीचा आवाज, मग दाराची कडी.
चाळीस वर्षं लोखंडाशेजारी बसल्याचा हिशेब.

परवा सोमवारी सदर बाजारात गेलो,
सेलची जोडी आणि पावशेर बर्फी घेऊन.
रेडिओ चालू होता. स्टेशन कधीच सरकलेलं.
आत कुणीतरी नुसती वाळू चाळत होतं.
मी खुंटीला हात घातला
तर त्यांनी मनगट धरलं.
पकड तीच.
"हात लावू नको. लागलंय."

मी बसलो.
थोड्या वेळानं माझ्या ओठांकडं बघत:
"काय लागलंय रं?"

तोंड मोठं करून म्हणालो, "मारवाडी."

मिस्त्री हसायला लागले.
खोकला येईतोवर हसले, नात पाणी घेऊन आली,
पाणी सांडलं लुंगीवर.
मग डोळे पुसून, एकदम कामाचं बोलावं तसं,
"सा आला?"

मान हलवली. नाही.

"मग बस," म्हणाले
आणि ती अर्धी करंगळी
रेडिओच्या पाठीला टेकवून थांबले.
बाहेर भंगारवाला ओरडत गेला.
सहाला अजून अकरा मिनिटं होती.