जिवंत, मृत, सापडले नाही

फॉर्मात तीनच रकाने:
जिवंत, मृत, सापडले नाही.
सकाळी साडेसहाला सुतारवाडीकडून टेकडी चढतो,
मी आणि इरफान तांबोळी.
त्याच्या खिशात व्हर्नियर,
माझ्या हातात पाटी आणि कोमट होत चाललेली बाटली.

दोनशे अकरा, मेडशिंगी. जिवंत.
दोनशे बारा, धावडा. तारेत पत्र्याचा बिल्ला आहे,
धावडा नाही.
दोनशे तेरा, अंजन. पान एकही नाही.
इरफान वाकून नखाने साल खरवडतो,
आत हिरवं.
"कुठे लिहू?"
"जिवंत लिही. मरायचंच असेल तर पुढच्या मेमध्ये मरेल."

सात वर्षांपूर्वी प्रस्तावात होतं:
वाढत्या उष्णतेला तोंड देतील अशा प्रजाती.
तोंड देणं म्हणजे काय,
आणि किती वर्षं,
याची ओळ कुणी टाईप केली नव्हती.

तिसऱ्या उन्हाळ्यात टँकर आला होता.
अहवालात टँकर नाही.
मग जे जगलं ते झाड,
की डिझेल?

तुलनेसाठी एक तुकडा मोकळा सोडलेला,
काही न लावता, काही न करता,
आम्ही नसतो तर काय झालं असतं
हे तिथं दिसणार होतं.
तिथं एका वाढदिवस-मंडळाने
बारा गुलमोहर लावले, फुगे बांधले, फोटो काढले.
आम्ही नसलो तरी कुणीतरी असतंच,
हे मात्र कळलं.

वॉचमन घारे म्हणतात, मार्चमध्ये वणवा
जाळरेषेपर्यंत आला आणि थांबला.
"रेषेमुळे?"
"तेवढ्यात वाराही पडला, मॅडम."
मी दोन्ही लिहिते. सर त्यातलं एक ठेवतील.

उत्तरेच्या उतारावर शंभरातली एक्क्याण्णव जगलीत.
छायाचित्र तिथलंच जाईल.
तिथं पूर्वी गुडघाभर पवन्या गवत असायचं
आणि त्यातून सरळ वर उडणारा चंडोल,
उडता उडता गाणारा.
आज अर्धा तास थांबलो.
तो "सापडले नाही" मध्ये बसत नाही,
त्याला आम्ही नंबरच दिला नव्हता.

साडेदहा. उघड्या मुरमावर थर्मामीटर: त्रेपन्न.
मेडशिंगीखाली: अडतीस.
तिथं एक सरडा आधीच येऊन बसलाय,
आमच्याकडे बघत, गळा हलवत.
इरफान म्हणतो, याची सही घेऊ या.

सर फोनवर विचारतात, टक्का किती?
खाली बाणेरच्या क्रेन हलतात.
मी म्हणते, बेरीज चालू आहे.

उतरताना दोनशे तेराशी पुन्हा थांबले.
बिल्ल्याची तार सालीत रुतली होती.
बांधली तेव्हा ती सैल होती, बांधणारी मीच.
पक्कड नव्हती. दातांनी, मग किल्लीने,
बोट कापून घेत
तिचा एक पीळ सोडवला.

फॉर्मात पेन्सिलने फक्त एवढंच:
तार सैल केली.
पुढच्या वर्षी जो येईल त्याने
पुन्हा बघावं.